आक्षेपार्ह पानांची यादी

कॉलनीच्या वाचनालयात चिटपाखरूही फिरकेना, तेव्हा महिनाअखेरीला त्याला कुलूप लावायचं ठरलं. ग्रंथपाल बाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. तेवढ्यात वेड्यावाकड्या अक्षरातलं एक निनावी पत्र येऊन पडलं: ‘आपल्या कादंबऱ्यांत नको नको ते प्रसंग आहेत. लेकीसुनांनी वाचायचं तरी काय?’

अध्यक्षकाका असे तापले की विचारू नका. आठवडाभर चष्मा पुसून पुसून त्यांनी सगळ्या कादंबऱ्या चाळल्या आणि नियम केला, "ही पानं कुणीही वाचायची नाहीत!" कुठली ते कळावं म्हणून पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहून लांबलचक यादी दारावर लावली.

शनिवारी पार जिन्यापर्यंत रांग लागली. सगळ्यात पुढे अध्यक्षांच्या सासूबाई.

"जावईबापू, यादीत दोनशे बारावं पान राहिलंय हो तुमचं!"

कुलपाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. संध्याकाळी बाईंनी रिकाम्या कपाटांवरून समाधानाने नजर फिरवली. कवितांच्या कपाटावरची धूळ तेवढी जागची हलली नव्हती.

बाईंनी दार लोटलं, पेन डाव्या हातात धरलं आणि दुसरं निनावी पत्र लिहायला घेतलं.