पहिलं वजन की पुन्हा?

७,२६०

खांबावरच्या स्पीकरमधून काट्याच्या खोलीतल्या बाईचा आवाज आला. पहिलं वजन की पुन्हा?

पहिलं, डेल्मर म्हणाला.

पिकअप एका महिन्याची. मागे राहायचा ट्रेलर: दोन पलंग, शेगडी, न्हाणी. शेजारी बायको. नोरीननं पट्टा लावला नव्हता, म्हणून गाडी टिंग टिंग करत होती.

घाटाच्या उतारावर ट्रेलरनं शेपूट हलवली तेव्हा आपल्या गाडीतून मागून येणाऱ्या मित्रानं, रॉइसनं फोन केला होता. नोरीनला. पुढच्या ट्रकथांब्यावर काटा आहे, तुझ्या नवऱ्याला म्हणावं वजन कर.

आता रॉइस पिकअपच्या चाकांवरच्या वजनाची चिठ्ठी हातात घेऊन तिच्या दाराशी उभा होता. दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो. गाडी, माणसं, सामान आणि पिकअपवर टेकणाऱ्या ट्रेलरच्या नाकाचा भार, सगळं मिळून सात हजार पौंड. त्याच्या वर नाही.

“अकरा हजार ओढते म्हणाला होता विकणारा,” डेल्मर म्हणाला.

“ओढायचं वेगळं, पाठीवर घ्यायचं वेगळं. तुला सांगितलं होतं की नाही, पाऊण टनाची घे?”

सांगितलं होतं. रॉइसनं सांगितलं म्हणूनच डेल्मरनं अर्ध्या टनाची घेतली होती. रॉइसची स्वतःची एक टनाची, मागे चार चाकांची, डिझेलवर चालणारी. त्याचा ट्रेलर तिच्यामागे असा येत होता, जणू तिला त्याची आठवणच नसावी. बायको गेल्यापासून तो एकटाच फिरायचा. यंदा नोरीन म्हणाली होती, ब्लॅक हिल्सच्या डोंगरात एकत्रच जाऊ.

शाळेच्या शेवटच्या वर्षी नोरीनला नाचाला नेणारा हाच.

७,१४०

जनरेटर आणि जळणाची लाकडं रॉइसच्या गाडीत गेली. पुन्हा काटा. पुन्हा, डेल्मर स्पीकरला म्हणाला. अजून एकशे चाळीस जास्त होते.

डेल्मरनं मागच्या सीटवरच्या घडीच्या खुर्च्या काढू का विचारलं. त्या हलक्याच, त्यांचं काय वजन, रॉइस म्हणाला. मग त्यानं उघड्या खिडकीवर हात ठेवला आणि आत बघितलं. खुर्च्यांकडे नाही.

“नोरीन, तू माझ्या गाडीत ये. फिट्टंफाट होईल.”

“ती एकशे चाळीसची आहे हे तुला काय माहीत?” डेल्मर म्हणाला.

“नजर आहे रे. तीस वर्षं गुरांचा लिलाव केलाय.”

“गुरांच्या रांगेत बसवलंस होय रे मला,” नोरीन म्हणाली आणि हसली. अशी हसली की डिझेल भरणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

एकतीस वर्षांत तिनं डेल्मरला आपलं वजन सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ती काट्यावर चढली की त्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे.

ती उतरली. टिंग टिंग थांबलं. जाताना तिनं पिशवीतून सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट काढून घेतलं. नव्या गाडीत टरफलं नकोत म्हणून डेल्मरनं सकाळपासून ते उघडू दिलं नव्हतं.

७,०००

बरोबर सात हजार. ना एक पौंड वर, ना एक पौंड खाली. काय जमवलंत हो, स्पीकरमधली बाई म्हणाली.

रॉइसची गाडी उंच. चढताना त्यानं नोरीनच्या कोपराखाली हात दिला. कँपच्या जागा धरून ठेवतो, सावकाश ये, असं तो डेल्मरला म्हणाला. सावकाश हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. मग चार चाकं, त्यांच्यामागे ट्रेलर, आणि खिडकीतून बाहेर आलेला नोरीनचा हात. टरफलं उडाली.

डेल्मरनं निघण्याआधीची फेरी मारली. साखळ्या, दिवे, टायर. ट्रेलरच्या नाकाशी जमीन ओली होती. तो वाकला. पाण्याच्या टाकीच्या नळीतून थेंब पडत होते. टाकी काठोकाठ. चाळीस गॅलन, म्हणजे सव्वातीनशे पौंड, तेही अगदी पुढच्या अंगाला. अर्ध्याच्या जवळपास भार थेट पिकअपच्या पाठीवर.

भरलेली टाकी घेऊन कुणी प्रवास करत नाही. कँपमध्ये प्रत्येक जागेवर नळ असतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी हे डेल्मरला शिकवलं होतं रॉइसनंच. तेव्हा नोरीन तिथंच उभी होती, हातात लिंबू सरबत घेऊन.

टाकी डेल्मरनं भरली नव्हती. सकाळी त्यानं नोरीनला अंगणात रबरी नळी गुंडाळताना पाहिलं होतं. फुलझाडांना पाणी घातलं, ती म्हणाली होती.

त्यानं टाकीचा खालचा नळ उघडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. दोन ट्रकांच्या खालून गेलं, तिसऱ्याच्या चाकाशी थांबलं. पायरीवर बसलेल्या एका ड्रायव्हरनं पाय वर उचलले आणि त्याच्याकडे पाहिलं.

मग तो वळसा घालून परत काट्यावर आला.

पहिलं वजन की पुन्हा?

डेल्मरनं स्पीकरचं बटण दाबलं.

“पुन्हा,” तो म्हणाला.

६,८६०

चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली. एकशे चाळीस पौंडांची जागा होती.

मग चिठ्ठी शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. पट्ट्याची घंटा वाजली नाही.