पाच नंबरचं मशीन

बीडहून साहेब साडेतीनला येणार होते, आणि टेबलाखालची तार कोण काढतं हे वैष्णवीला तीन वाजता कळलं.

केजच्या एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर तिचं कॉम्प्युटर सेंटर. सरकारी नोकरांची संगणक परीक्षा तिथंच व्हायची. भिंतीकडची पाच ते आठ नंबरची चार मशीन एकाच तारेवर होती. ती तार कुठंही सुटली की चारही मशीन सर्व्हरपासून तुटत आणि चौघांचा पेपर रद्द होई. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. पहिल्यांदा वैष्णवीनं लोडशेडिंगला शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा उंदरांना. तिसऱ्यांदा शिव्या घालायला कोणी उरलं नाही, तेव्हा तिनं वर बीडला कळवलं.

नियम असा होता की नापास झालं तर तीन महिने पुन्हा बसता येत नसे. लाईन तुटली तर मात्र दुसऱ्याच दिवशी नवा पेपर मिळे. ज्याचं गाडं अडलं त्यानं हळूच तार उपटायची, की झाली सुटका. चपला बाहेर काढूनच आत यायचं असे, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. अनवाणी पाय आणि तार यांच्यात वीतभर अंतर.

वैष्णवीचा संशय छबुबाईवर होता. नवरा वारला म्हणून त्याच्या जागी तहसिलीत लागलेली बाई. तीन दिवसांत प्रमाणपत्र दिलं नाही तर नोकरी जाणार होती. सहा नंबरला बसायची आणि माउस धरताना तिचा हात कापायचा. बिचारीवर संशय घेताना वैष्णवीला स्वतःचीच लाज वाटली होती.

पण सर्व्हरचा लॉग काही वेगळंच सांगत होता. कोणतं मशीन कधी जोडलं, कधी तुटलं, सगळं तो सेकंदासकट टिपून ठेवायचा. तार जिथं सुटेल ते मशीन आधी जाई, बाकीची दोन-तीन सेकंदांनी. सोमवारी आधी गेलं ते पाच नंबर. मंगळवारी पाच. बुधवारी सुट्टी होती. गुरुवारीही पाच.

पाचवर, छबुबाईच्या शेजारी, बंकट गुरुजी बसत.

वैष्णवीला चौथीत पाढे शिकवलेले बंकट गुरुजी! कॉपी सापडली तर सरपंचाच्या पोरालाही उन्हात उभं करणारे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, केंद्रप्रमुखाची बढती या प्रमाणपत्रावर अडली होती. तार काढणाऱ्याला दोन वर्षं परीक्षा बंद, शिवाय पंचायत समितीच्या बोर्डावर नाव. म्हणजे बढतीही गेली आणि अब्रूही.

तिनं लॉगमधल्या तीन ओळी निवडल्या. पुसायला एक कळ दाबायची, बस्स. तिचं बोट कळेवर टेकलं होतं.

"काय करायलीस?"

दारात गुरुजी उभे होते. सकाळचा पेपर आज बिनबोभाट पार पडला होता आणि निकालासाठी सगळे बाहेर बाकावर थांबले होते.

"गुरुजी, तार तुमी काढता?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "कुठं दिसलं?"

"सर्व्हरमध्ये सगळं लिहून राहतंय."

"लई इमानी हाय की मशीन."

"मी पुसते. साहेबांना सांगते, तार जुनी झाली."

"न्हाई." आवाज चौथीच्या वर्गातला. "खाडाखोड करायला शिकवलं होतं का तुला? तुझं सेंटर जाईल बाई. हात काढ."

तिनं हात काढला. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

रुद्रेशसाहेब वयानं तरुण, बोलायला तुटक. पाणीसुद्धा न घेता ते स्क्रीनपुढं बसले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी मान वर केली.

"पाच नंबरला कोण?"



"मी," गुरुजी म्हणाले. "पायाच्या अंगठ्यानं काढली. तिन्ही वेळेला."

"का?"

"जमंना साहेब. ह्या वयात डोक्यात शिरंना. नापास व्हायची लाज वाटली."

"शिक्षक आहात ना तुम्ही?"

"तेच तर."

साहेबांनी कागद पुढं सरकवला. आजचा पेपरही रद्द, दोन वर्षं बंदी. गुरुजींनी वळणदार अक्षरात कबुली लिहून सही केली. बाकावरच्या माणसांनी सगळं ऐकलं होतं. कोणी खाली बघत होतं, कोणी हसू दाबत होतं. छबुबाई पदराचं टोक तोंडात धरून बसली होती. गुरुजी चपला घालून जिना उतरले, कोणाकडं न बघता.

वैष्णवीला रडू आलं नाही, राग आला. ज्या माणसाच्या धाकानं ती आयुष्यात कधी खोटं लिहायला धजली नव्हती, तो चार मार्कांसाठी असा वागावा!

"लॉगची छापील प्रत जोडा," साहेब म्हणाले. "आजचा निकालही त्यातच येईल."

लॉगच्या ओळी लांब होत्या. स्क्रीनवर त्यांचा पहिला भागच मावायचा, उरलेला कडेपलीकडं जायचा, आणि तिकडं सरकवून बघायची गरज आजवर कोणाला पडली नव्हती. प्रिंटरचा कागद मात्र चांगला हातभर रुंद होता. तो करकरत बाहेर आला, वैष्णवीनं फाडून घेतला, आणि दर ओळीच्या शेवटी मार्कही होते. उत्तीर्ण व्हायला पन्नासात पंचवीस लागत. सोमवारी तार तुटली तेव्हा पाच नंबरचे अठ्ठेचाळीस, सहा नंबरचे सोळा. मंगळवारी पाचचे सत्तेचाळीस, सहाचे एकोणीस. गुरुवारी पाचचे एकोणपन्नास, सहाचे तेवीस. आज शुक्रवारी तार तुटली नव्हती. मशीन सहा, छबुबाई, सत्तावीस, उत्तीर्ण.