अंगठ्याएवढी अक्षरं

धाकट्याने पेनाचं टोपण काढलं आणि ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत बसली. सही तिलाही करायची होती, पण तिने अजून पर्सही उघडली नव्हती.

टेबलापलीकडे मोठ्या कंपनीचे साहेब होते. ते त्या कंपनीचे जावई, कंपनी सासऱ्यांची. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आता यांचंच निरोपांचं अ‍ॅप असायचं. या भावंडांचंही तसलंच एक अ‍ॅप होतं, त्याच्याही आधीचं. पण त्याची पार रया गेली होती. ऑफिसातले निम्मे दिवे बंद होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून साहेबांच्या वकीलबाई प्रिंटरच्या स्टुलावर अवघडून बसल्या होत्या.

"कंपनी घेऊन तुम्ही आमच्या अ‍ॅपचं करणार काय?" ताईने विचारलं.

"बंद करणार, मॅडम. महिनाअखेर." साहेबांना आडपडदा ठेवायची गरज वाटली नाही.

धाकटा थकला होता. ऑफिसातल्या लोकांना धीर देऊन देऊन त्याचा स्वतःचाच धीर सुटला होता. एकदाचं सुटू दे यातून, असं त्याला झालं होतं. ताईचं तसं नव्हतं. अ‍ॅपवर निरोप आला की जो आवाज वाजायचा, तो त्यांच्या आईचा होता. कपावर चमचा, टिंग टिंग. चहाला बोलवायची तिची ती पद्धत. दोघांनी अ‍ॅप बनवलं तेही तिच्यासाठीच. तिला नीट दिसायचं नाही, म्हणून एकेक अक्षर अंगठ्याएवढं. आई गेली, पण तिचा चमचा अजून कुणाकुणाच्या खिशात वाजत होता. तो आता कायमचा गप्प होणार होता.

साहेबांना त्या अक्षरांचं भारी हसू आलं. "हे अ‍ॅप आहे की दुकानाची पाटी? चार माणसांत उघडायची सोय नाही!"

"आम्ही कुणाचे निरोप वाचत नाही," ताई म्हणाली. "साठवतसुद्धा नाही. एवढं एक तरी तुमच्याकडे सुरू कराल?"

"अहो, म्हणून तर बुडालात!" साहेब खुशीत आले. "आमच्याकडे सगळं साठतं. रोज सकाळी त्यावरून नजर फिरवल्याशिवाय आमच्या सासरेबुवांना चहा गोड लागत नाही. आणि तुमचं हे आता वापरतं कोण? एक नाव सांगा!"

कोण कुणाशी बोलतं, हे त्या दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं. तसा त्यांचा नियमच होता.

साहेबांनी आपला फोन उघडून तिच्या हातात दिला. "बघा, अ‍ॅप असं असतं." रंग झकास होते, अक्षरं मुंगीएवढी. ताई डोळे बारीक करून बघू लागली. धाकट्याने सहीसाठी कागद पुढे ओढला.

टिंग टिंग.

धाकट्याने सवयीने स्वतःचा खिसा चाचपला. त्याचा फोन गप्प होता. ताईच्या हातातला मात्र पडदाभर उजळला होता.

साहेबांनी अर्धवट उठून हात लांब केला, पण टेबल रुंद होतं. वकीलबाईंनी स्टुलावरूनच वाचलं आणि घाईघाईने बॅगेत तोंड घातलं. धाकट्याने वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"ताई, द्या ना इकडे," साहेब म्हणाले. मॅडमची एकदम ताई झाली होती.

"देते की. पण सह्यांचं काय?"

"कसली घाई आहे!" साहेबांनी कागद गोळा करून बॅगेत कोंबले. "आणि हे बघा, तुमचं ते... बंदबिंद काही करू नका हं."

ताईने फोन त्यांच्यापुढे ठेवला. पडद्यावरची अंगठ्याएवढी अक्षरं दारात उभं राहूनही वाचता आली असती: "अहो, सही करू नका! आपल्या अ‍ॅपवरचं बाबा सगळं वाचतात. हे बंद झालं, तर त्यांच्याबद्दल आपण बोलायचं कुठे?"