क्लचचा वास

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, इंजिनाच्या फटीत पक्कड घातली आणि काळं ठिक्कर पडलेलं एक फडकं ओढून बाहेर काढलं.

"हे घ्या. सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून धुमसत होतं. वास ह्याचाच."

"आणि क्लच?" गाडी घेऊन आलेल्या त्यानं विचारलं.

"क्लचला काय धाड भरलीय? ज्यानं चालवलीय त्यानं जपून चालवलीय."

फडक्याचा एक कोपरा जळायचा राहिला होता. त्यावरच्या निळ्या रेघा त्यानं लगेच ओळखल्या. त्याचाच जुना शर्ट. गेल्या रविवारी ऑइल बघताना हात पुसून तिथंच ठेवला होता, आणि वरून बॉनेट लावून टाकलं होतं.

काल जेवताना मात्र तो बाबांवर घसरला होता. बायकोसमोर, मुलीसमोर. "क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही, म्हणून हा जळका वास! गाडीची वाट लावलीत. उद्या कुणाला तरी उडवाल. पुरे आता, किल्ली द्या इकडे."

जन्मभर बस चालवलेल्या माणसानं खिशातली किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली होती.

घरी येईपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. एकही धड बसेना. बाबा स्वयंपाकघरात एकटेच होते, दोन कपांत चहा ओतत.

"बाबा, क्लच ठणठणीत आहे. माझंच फडकं आत राहिलं होतं. उगाच बोललो तुम्हाला. चुकलं माझं." त्यानं किल्ली पुढे केली.

"असं होय," बाबा हसले. किल्लीकडे त्यांचा हात गेला नाही. "राहू दे तुझ्यापाशीच. मी पण विचार केला रे. जातही असेल पाय. आपलं आपल्याला कुठं कळतं?"

"नाही हो बाबा! मेकॅनिक स्वतः म्हणाला..."

"बरं, बरं. एवढं मनाला नको लावून घेऊस."

त्यांनी त्याचा कप त्याच्या हातात दिला, आपला उचलला आणि बाहेर निघाले. दारात थबकले.

"गॅस बंद केलाय ना मी? जरा बघतोस?"

बटण नीट बंद होतं. तरी तो "हो" म्हणेपर्यंत बाबा दारातून हलले नाहीत.