दुसरी बाटली

भीमाबाई डॉक्टरांसमोर बसली खरी, पण पिशवीत चाचपणारा तिचा हात काही थांबेना. मांडीवरचा पाच महिन्यांचा नातू आठवडाभर दूध ओकत होता, रात्रंदिवस किरकिरत होता. “आजार जन्मजात आहे, जनुकांमधला,” डॉक्टर म्हणाले. “व्हिटॅमिन डी याला सोसत नाही, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. थेंब आजपासून बंद. किती पाजत होतात?” “एकच डोस, रोज सकाळी,” शेजारी बसलेली सून म्हणाली. “एक दिवस चुकली नाही मी.” भीमाबाईचा हात पिशवीतच थांबला. तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांना तिनं डोस पाजले होते, पण ‘घरी दिला’ म्हणणाऱ्या आईवर कधी भरवसा ठेवला नव्हता. तिनं स्वतः वेगळी आणलेली थेंबांची अर्धी झालेली बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. “रोज दुपारी मी बी पाजून राहिली होती,” ती पुटपुटली. “मले वाटलं, तू विसरशील.” सुनेनं सासूच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.