गाडी सुटायची वेळ

सातव्यांदा गेम टाकला आणि सातव्यांदा पडदा काळा झाला, तसा आनंदा ड्रायव्हरनं घामेजला हात लुंगीला पुसला. गुडघा गेला आणि एसटीची नोकरी सुटली, म्हणून लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर धाडला होता. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स. बस चालवायचा गेम त्याच्यावर काही केल्या चालंना.

"आबा, लिनक्सवर असले गेम रुसतातच. सोडा नाद," लेक फोनवर म्हणाली.

"घाटात गाडी बंद पडली म्हणून पॅशिंजर सोडून मी कधी घरी आलोय का? पुढचं सांग."

गेमचं नवं व्हर्जन काढून जुनं टाका, म्हणाली. त्यानं एकेक बटण हुडकत टाकलं, आणि पडद्यावर लालभडक बस घुरघुरायला लागली. समोर घाट.

बस मात्र जागची हलंना. मागं उभी त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "अवो, परत बिघडला व्हय?"

"बिघडतोय कशाला? बेल कुठं झालीय अजून?"

तीस वर्षांत कंडक्टरच्या डबल बेलशिवाय त्यानं गाडी हलवली नव्हती. हौसाबाई देवापुढची घंटी घेऊन आली आणि तिनं ती दोनदा वाजवली.

आनंदानं गिअर टाकला.