लोटलेलं दार

आई दोन महिने दवाखान्यात होती. मामा, तिचा धाकटा भाऊ, नावाजलेला लेखक. एकदाही फिरकला नाही. ती गेल्यावर मात्र फोनवर हमसून हमसून रडला.

"ताई माझ्याबद्दल काही बोलली का गं?"

मला राहवेना. म्हटलं, "म्हणाली, त्याला सांग, दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही."

वर्षाच्या आत त्याची कथा छापून आली. शेवट याच वाक्याने. आज त्या कथेला पुरस्कार मिळाला. मी मागच्या रांगेत पर्सचा पट्टा मुठीत आवळून बसले होते. कार्यक्रम संपता संपता एका नवख्या लेखिकेने विचारलं, "सर, असं वाक्य आम्हाला कधी सुचेल?"

मामाने चष्मा काढून डोळे पुसले. "बाळ, असली वाक्यं सुचत नसतात. त्यासाठी आपल्या माणसाच्या उशाशी शेवटपर्यंत बसावं लागतं."

टाळ्या थांबेनात.



आईची वाचा पहिल्याच दिवशी गेली होती; एकदा जरी येऊन बसला असता, तरी ते वाक्य मी रचलंय हे त्याला फोनवरच कळलं असतं.